इवायाची वेल

नागपूरकराला मनीषनगर म्हटले की पहिल्यांदा आठवते ते रेल्वेचे फाटक. वर्ध्याकडे जाणारा लोहमार्ग आमच्या वसाहतीला अगदी खेटून जातो. २०२० साली पूल होईपर्यंत आम्हा रहिवाशांच्या आयुष्याचा बराच मोठा भाग त्या बंद फाटकापाशी, स्कूटरवर बसून मालगाडीचे डबे मोजण्यात गेला. आता पूल झाला, पण गाड्यांचा आवाज तसाच राहिला. पाहुण्यांची झोप त्या आवाजाने मोडते. आमची, तो आला नाही तर मोडते.

पण मला सांगायचे आहे ते दुसऱ्याच एका फाटकाविषयी, म्हणजे आमच्या घरच्या. त्यावर एक द्राक्षाची वेल आहे. आठ वर्षांपूर्वी सौ.ने रोपवाटिकेतून हौसेने आणलेली. आठ वर्षांत तिने पाने दिली, सावली दिली, पावसाळ्यात सुरवंटही दिले. द्राक्ष मात्र एक दिले नाही. "नागपूरची हवा संत्र्याची, तिथे द्राक्ष कसे धरणार?" असे म्हणून मी हवेला आणि वेलीला दोष देऊन मोकळा होत असे. दोष दोघींचाही नव्हता. हे कळण्यासाठी मला आधी इटलीतल्या तोस्काना प्रांतात आणि मग सोलापूर जिल्ह्यातल्या अकलूजला जावे लागले. त्याचीच ही हकीकत.

त्याचे असे झाले. आमचे चिरंजीव नोकरीनिमित्त फ्लॉरेन्सला असतात. लग्नही त्यांनी तिकडेच जुळवले. सूनबाई फ्लॉरेन्सच्या दक्षिणेला, ग्रेव्हे गावाजवळच्या एका शेतकऱ्याची कन्या. शेतकरी द्राक्षांचे, आणि द्राक्षे खाण्याची नव्हेत, वाइनची! हे कळले तेव्हा सौ. माझ्या तोंडाकडे पाहू लागली. कारणही तसेच होते. माझे वडील वर्ध्याला शाळामास्तर होते. वर्धा जिल्ह्यात १९७० च्या दशकापासून दारूबंदी आहे. ती यावी म्हणून ज्या लहानमोठ्या माणसांनी खेडोपाडी सायकली झिजवल्या, त्यांतले ते एक. माझ्या वडील बहिणीने फोनवर एवढेच विचारले, "बाबा असते तर?" मी म्हणालो, "बाबा असते तर त्यांनी आधी मुलगी पाहिली असती." म्हणालो खरा, पण फोन ठेवल्यावर बराच वेळ मी त्यांच्या तसबिरीकडे पाहिले नाही.

गेल्या वर्षी सप्टेंबरात लग्नाला गेलो. फ्लॉरेन्स आणि सिएना या दोन शहरांच्या मधला डोंगराळ मुलूख म्हणजे किआंती. डोंगर म्हटले तरी आपल्या सह्याद्रीसारखे उग्र नव्हेत. एकीच्या खांद्यावर दुसरीने हात टाकून बसावे तशा टेकड्या. उन्हाकडच्या उतारावर तारांवर चढवलेल्या द्राक्षवेली, मधूनमधून ऑलिव्हची चंदेरी झाडे, आणि वाटेच्या कडेने सुरूसारखी सरळसोट उभी असलेली सायप्रसची रांग. ग्रेव्हे गावाचा चौक त्रिकोणी आहे. चौकाला चार बाजू असतात असे आपण धरून चालतो. तिथल्या लोकांचे तीन बाजूंवर छान भागते.

या मुलखात जिकडे पाहावे तिकडे काळ्या कोंबड्याचे चित्र दिसते. त्याची दंतकथा मोठी मौजेची आहे. फ्लॉरेन्स आणि सिएना यांचा हद्दीवरून जुना तंटा. ठरले असे की, पहाटे कोंबडा आरवताच दोन्ही शहरांतून एकेक स्वार निघावा आणि दोघे भेटतील तिथे हद्द पडावी. सिएनाच्या लोकांनी पांढरा कोंबडा खाऊपिऊ घालून पोसला. फ्लॉरेन्सवाल्यांनी काळा कोंबडा उपाशी ठेवला. उपाशी कोंबड्याला झोप कुठली? तो रात्रीच आरवला, त्याचा स्वार आधी निघाला, आणि बहुतेक सारी किआंती फ्लॉरेन्सच्या पदरात पडली. कथा खरी असो वा नसो, १९२४ साली तिथल्या वाइनवाल्यांनी आपला संघ काढला तेव्हा चिन्ह म्हणून हाच कोंबडा घेतला. त्याच्याही आधी, १७१६ साली, तोस्कानाचा ग्रँड ड्यूक तिसरा कोझिमो याने किआंतीची हद्द लेखी आखून दिली होती. अमुक गावांच्या बाहेरच्या वाइनला किआंती म्हणायचे नाही, असे फर्मानच होते ते.

वाइनचा मुख्य जीव म्हणजे सांजोवेझे नावाचे काळे द्राक्ष. इटलीचा दोनदा पंतप्रधान झालेला बेत्तीनो रिकासोली हा ब्रोलियोच्या गढीचा धनी. तो द्राक्षांच्या मागे लागला होता. किआंतीत सांजोवेझे प्रमुख असावे, सौम्यपणासाठी कानायोलो नावाचे दुसरे द्राक्ष त्यात मिसळावे, असा पाठ त्याने १८७२ साली लिहून ठेवला. तिच्या नावामागे 'कोरडी' असे विशेषण लागते. पातळ पदार्थाला कोरडे कसे म्हणावे, असा प्रश्न मला पडला. त्याचे उत्तर सोपे निघाले. रसातली साखर किण्व खाऊन टाकते आणि तिचा मद्यार्क होतो. साखर जवळजवळ उरतच नाही, ती वाइन कोरडी. गोडी गेली तरी फळाचा वास मात्र राहतो. द्राक्षाच्या सालीतून रंग उतरतो, आणि आवळा खाल्ल्यावर जिभेला जसा तुरटपणा जाणवतो तसा तुरटपणाही.

ही सारी विद्या मला व्याह्यांनी शेतात फिरवून शिकवली, सूनबाई दुभाषी. एक घड तोडून त्यांनी माझ्या हातावर ठेवला. मणी लहान, साल जाड, आत बिया. आपल्याकडच्या बिनबियांच्या द्राक्षापुढे अगदीच गरीब. पण गोड असे की ओठ चिकटावेत. तोडणी पंधरा दिवसांवर आली होती. व्याही आभाळाकडे पाहत होते. शेतकऱ्याचे ते पाहणे मला चांगले ओळखीचे आहे. त्याला दुभाषी लागत नाही.

संध्याकाळी अंगणात लांबच लांब मेज मांडले होते. पाव, ऑलिव्हचे तेल, घेवड्याचे कालवण. व्याही स्वतः उठले आणि माझ्या पेल्यात वाइन ओतू लागले. मी चटकन पेल्यावर हात ठेवला. सारे मेज गप्प झाले. व्याह्यांनी चिरंजीवांकडे पाहिले. चिरंजीव काहीतरी बोलले, आणि लगेच सगळ्यांचे चेहरे मऊ झाले. विहीणबाईंनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. मी हळूच विचारले, "काय सांगितलेस रे?" चिरंजीव खाली मान घालून म्हणाले, "डॉक्टरांनी मना केले आहे, असे सांगितले. यकृताचा त्रास आहे म्हणालो."

उभ्या जन्मात माझे यकृत कधी दुखले नव्हते! पण लग्नाचे घर. मी गप्प बसलो. पुढचे आठ दिवस मला आजाऱ्याची भाजी खावी लागली.

यंदा फेब्रुवारीत व्याही आणि विहीणबाई नागपूरला आले, बरोबर मुलगा आणि सूनबाई. येताना व्याह्यांनी माझ्या यकृतासाठी कसला तरी झाडपाला आणला होता. आमच्या वऱ्हाडी बोलीत व्याह्याला इवाई म्हणतात. तो शब्द त्यांना फार आवडला. इटालियन तोंडात तो चपखल बसतो. मौज अशी की, त्यांच्या भाषेतही या नात्याला स्वतंत्र शब्द आहे: कॉन्सुओचेरो. इंग्रजीत असा शब्द नाही. म्हणजे इंग्रजांना व्याही नसतात असे नव्हे, ते त्यांची दखल घेत नाहीत इतकेच.

तिसऱ्या दिवशी इवायांचे पोट बिघडले. सावजी रश्श्याची चव घेऊ नका म्हणून सांगितले होते, पण ऐकतील तर ना! सौ.ने रीतीप्रमाणे कपाटातून द्राक्षासवाची बाटली काढली आणि दोन चमचे औषध पाण्यात घालून पुढे केले. इवायांनी वास घेतला. मग बाटली मागून घेतली, थेंबभर जिभेवर ठेवला, डोळे मिटले, आणि सूनबाईंना काही विचारले. सूनबाई हसू आवरीत म्हणाल्या, "बाबा विचारतात, हे तर आंबवलेले द्राक्ष आहे. यकृताचा त्रास असलेल्या घरात हे कसे?"

आता काय सांगावे? माझ्या आजीपासून हे औषध आमच्या घरी आहे. वडिलांनीही कधी त्याला हरकत घेतली नाही. द्राक्षे, मसाले, धायटीची फुले घालून वैद्य ते मुरवतात, आणि त्यात आपोआप मद्यार्क तयार होतो, हे बाटलीवर छापलेलेही असते. इतकी वर्षे मी ते वाचलेच नव्हते. २०२२ च्या जानेवारीत राज्य मंत्रिमंडळाने मोठ्या दुकानांत वाइन विकू देण्याचा निर्णय केला, तेव्हा आमच्या वसाहतीच्या कट्ट्यावर मी अर्धा तास त्याविरुद्ध बोललो होतो. बोलून घरी आलो आणि अपचन झाले म्हणून दोन चमचे द्राक्षासव घेतले होते!

पोट बरे होताच इवायांनी आपला मनोदय सांगितला. त्यांच्या तोस्कानातले कोणी महाराष्ट्रात सांजोवेझे लावून बसले आहेत असे त्यांनी ऐकले होते. "अठरा अंश अक्षांशावर?" ते म्हणाले, "आमचे गाव त्रेचाळीसवर आहे. मला पाहायचे आहे." आम्ही निघालो.

पुण्याची गाडी मनीषनगरवरूनच जाते. आपल्याच घराचा दिवा गाडीतून पाहताना माणूस उगाच हळवा होतो. मग बुटीबोरी, सेवाग्राम, वर्धा. वर्ध्याला मी दारात येऊन उभा राहिलो. इवायांनी विचारले, "इथे कोण?" मी म्हणालो, "वडील." जास्त काही बोललो नाही. पुढे भुसावळ, मनमाड, नगर करीत सकाळी दौंडला उतरलो आणि मोटार केली. भिगवणजवळ उजनीच्या फुगवट्यात रोहित पक्ष्यांचे थवे उतरले होते. इवाई मुलासारखे टाळ्या पिटू लागले. इंदापूरहून वळून सराटीला नीरा ओलांडली. तुकोबांच्या पादुकांना आषाढवारीत जिथे नीरास्नान घालतात, ती ही जागा. पलीकडे अकलूज.

अकलूजची ख्याती साखरेची. माळशिरस तालुका पर्जन्यछायेतला, पण नीरेच्या कालव्याने एक बाजू हिरवी केली. १९३० च्या दशकात सासवडच्या माळ्यांनी येऊन जवळच माळीनगरला स्वतःचा साखर कारखाना उभारला. परगावचे येऊन इथे रुजण्याची परंपरा इथे जुनीच आहे. द्राक्षही या जिल्ह्याला नवे नाही. बाजारातले लांबट 'सोनाका' द्राक्ष सोलापूर जिल्ह्यातले. सोलापूर, नान्नज आणि नानासाहेब काळे यांची आद्याक्षरे जोडून त्याचे नाव झाले आहे.

उसाचा हिरवा पट्टा संपला की माळ लागतो, आणि त्या माळावर मोटेवाडीजवळ हे द्राक्षमळे आहेत. २००७ च्या सुमारास अकलूजच्या मोहिते-पाटील घराण्यातले भाऊ, दिल्लीचे सेखरी बंधू आणि तोस्कानातले सेच्ची बंधू यांनी मिळून हा व्याप मांडला. म्हणून नावच ठेवले फ्रातेल्ली, म्हणजे भाऊ. किआंतीतले जुने जाणते वाइनकार पिएरो मासी त्यांच्याबरोबर आले. रोपे परदेशांतून आणली, त्यांत सांजोवेझेही.

इवाई गाडीतून उतरले ते थेट खाली वाकले. मुरमाचा एक खडा उचलून त्यांनी चिमटीत चुरला. "आमच्याकडेही दगड असाच सुटतो," ते म्हणाले, "उपाशी जमीन. वेलीला लाड मानवत नाहीत." मला काळा कोंबडा आठवला. घड पिकून काळेनिळे झाले होते. फेब्रुवारीत! त्यांच्या शेतात या वेळी वेली निष्पर्ण, काटक्यांसारख्या झोपलेल्या. ते ओळीओळीतून हिंडले आणि शेवटी तिथे तोडणी करणाऱ्या एका मावशींपाशी थांबले. त्यांनी विचारले, "छाटणी केव्हा करता?"

"येकदा एप्रिलात, येकदा दसऱ्या-दिवाळीच्या टायमाला," मावशी म्हणाल्या.

"दोनदा?" इवायांना वाटले दुभाष्याची चूक झाली. "आम्ही एकदाच करतो. हिवाळ्यात, वेल झोपली की."

मावशी हसल्या. "आवो पाव्हणं, आमच्यात थंडी हाय कुठं? येल झोपतच न्हाय. न्हाय छाटली तर नुसता पाला काढीत बसती. मग आपुनच तिला झोपवायची, आन् आपुनच उठवायची."

त्यांनी सगळे समजावून दिले. एप्रिलची ती खरड छाटणी: सारे फळ निघाल्यावर वेल आखूड कापायची. मग उन्हाळ्यात नव्या काड्या फुटतात, आणि त्या काड्यांच्या डोळ्यांत पुढल्या मोसमाचा घड तेव्हाच ठरतो. पाऊस सरला की ऑक्टोबरात फळछाटणी. त्यानंतर डोळे फुटतात, घड बाहेर पडतात, आणि शिमग्याच्या आत माल तयार. इवाई टोपी काढून ऐकत होते. साठ वर्षे द्राक्षात काढलेला माणूस, पण कानात एक अक्षर वाया जाऊ दिले नाही. शेवटी त्यांनी वेलीच्या बुंध्यावरची कलमाची गाठ मला दाखवली. "हे पाहा इवाई. वर सांजोवेझे, खाली अमेरिकेचे मूळ. एकोणिसाव्या शतकात मुळांतल्या एका किडीने युरोपातले मळे धुळीला मिळवले. तेव्हा अमेरिकेच्या मुळांवर कलमे बांधून ते वाचवले. माझ्या शेतातली वेलही परक्या मुळावरच उभी आहे."

दुपारी वाइनची चव घ्यायला बसलो. समोर सांजोवेझेचा पेला. इवायांनी तो तिरका धरून रंग पाहिला, वास घेतला, घोट तोंडात खेळवला आणि चक्क बाजूच्या भांड्यात थुंकला! पारखी असेच करतात म्हणे. मी विचारले, "किआंती?" ते म्हणाले, "नाही. किआंती किआंतीतच. इथे ऊन जास्त, फळ जास्त बोलते. पण सांजोवेझे आहे, हे नक्की." ही गोष्ट मला लगेच पटली. नागपुरी संत्र्याला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. दुसरीकडचे संत्रे कितीही गोड असो, त्याला नागपुरी म्हटले की आमच्या कपाळावर आठी पडते.

मग त्यांनी बाटली माझ्या पेल्याकडे वळवली, आणि आठवण होऊन थांबवली. "यकृत," ते म्हणाले.

त्या क्षणी मला स्वतःची लाज वाटली. मी सूनबाईंना म्हणालो, "माझे यकृत ठणठणीत आहे. ते खोटे होते. आता मी सांगतो ते एकही शब्द न गाळता सांग."

आणि मी सांगितले. वर्ध्याला आमच्या आळीत गिरणीकामगारांची, हातगाडीवाल्यांची घरे होती. पगाराच्या दिवशी संध्याकाळी चारपाच बायका आपापले पितळी हंडे, परात, कुणी धान्याचा डबा, आमच्या घरी आणून ठेवीत. घरात राहिले तर रात्री विकले जात. आमच्या माजघरात त्या दिवशी पाय ठेवायला जागा नसे. कुणाचा हंडा कोणता हे लहानपणी मला अंधारात हात लावून सांगता येई. मी पेल्यावर हात ठेवला तेव्हा तो पेल्यावर नव्हता, त्या हंड्यांवर होता.

सूनबाईंचा आवाज शेवटी शेवटी बसला. इवाई बराच वेळ बोलले नाहीत. चिरंजीव मान वर करीनात. मग इवाई म्हणाले, "आजारी माणसाची कीव करावी लागते. मत असलेल्या माणसाशी भांडता येते. सहा महिने तुम्ही मला भांडू दिले नाही." आणि त्यांनी त्यांची गोष्ट सांगितली. त्यांचे आजोबा दुसऱ्याची जमीन अर्धेलीने करीत. धान्य अर्धे मालकाचे, तेल अर्धे मालकाचे, वाइन अर्धी मालकाची. वाट्याची चांगली वाइन पुन्हा विकावी लागे. घरात प्यायची ती चोथ्यात पाणी घालून काढलेली पातळ पिवणी. ज्या वर्षी जमीन स्वतःची झाली, त्या वर्षी आजोबांनी पहिल्या पिंपातला पहिला पेला भरून मेजावर ठेवला आणि दिवसभर नुसता पाहिला. "मी तुमच्या पेल्यात ओतत होतो ते हे," इवाई म्हणाले.

मी त्या दिवशी वाइन प्यालो का, असे वाचक विचारतील. नाही प्यालो. पण पेल्यावर हातही ठेवला नाही. त्यांनी दोन बोटे वाइन ओतली; मी पेला उचलून वास घेतला. पिकली जांभळे, आणि पहिल्या सरीनंतरची माती. तसाच तो खाली ठेवला, आणि संध्याकाळपर्यंत तो दोघांच्या मध्ये भरलेला राहिला. हंडे कुणाचे खरे आणि पेला कुणाचा खरा, हा निकाल आम्ही लावला नाही. दोन्ही खरे असूनही मेज एक असू शकते, एवढे मात्र दिसले.

निघताना इवाई एक बाटली घ्यायला लागले. मी म्हटले, "परतीच्या वाटेवर वर्धा आहे." त्यांनी निमूटपणे ती परत ठेवली, आणि आम्ही पंढरपूरकडचे बेदाणे घेतले.

एप्रिलात, चाळीस अंशांच्या उन्हात, मी आमच्या फाटकावरची वेल मावशींनी सांगितले तशी खरडून कापली. शेजारी म्हणाले, वेल मारलीत. इवाई फोनवरून पाहत होते, मध्येच राहवेना म्हणून सल्ला देऊ लागले, तेव्हा मी सांगितले, "इथली हवा मावशींना कळते." यावर ते हसले. नवरात्र सरताच दुसरी छाटणी केली. त्याला आज तीन आठवडे होतील. हे लिहिता लिहिता उठून आकाशकंदील लावायला फाटकापाशी गेलो. डोळे फुटले आहेत. पोपटी फुटव्यांत, पानांच्या आड, मोहरीएवढ्या हिरव्या कण्यांचा एक तुरा दिसतो आहे. घडच असावा. सौ. म्हणते, इतक्यात कुणाला सांगू नका.

पण इवायांना कळवायला हवे. तिकडे अजून सकाळ व्हायची आहे. कोंबडा आरवला की फोन करीन.